गोणीचा डावा कान

घोटीच्या त्या भातगिरणीत गोण्यांची तोंडं शिवायचं काम गोजराबाईचं. मशीन होतं, पण पावसात लाईट टिकली तर ते चालणार. म्हणून निम्म्या गोण्या दाभणानंच शिवाव्या लागायच्या. बाईचा हात असा बसलेला की बोलता बोलता टाके पडायचे आणि एक वाकडा नाय. शेवटच्या टाक्याला मात्र ती थांबायची. जुन्या लुगड्याच्या लाल काठाची वीतभर चिंधी फाडायची आणि गोणीच्या कोपऱ्याला, डाव्या कानाला, तीन वेढे देऊन गाठ मारायची. सासूनं शिकवलेलं. आपल्याकडचं धान्य दुसऱ्याच्या घरी जातं, ते उघड्या कानानं जाऊ नये, पोरगी सासरी धाडल्यासारखं नटवून धाडावं.

हमाल हसायचे. "मावशी, लागलं का लगीन गोणीचं?"

"लागलं. तू वऱ्हाडी ना? मग उचल."

मागच्या पावसाळ्यात गिरणीला सरकारी काम आलं. समुद्रापल्याड कुठंतरी लढाई पेटलेली, गावंच्या गावं उपाशी, आणि आपलं सरकार तिकडं तांदूळ पाठवणार होतं. पांढऱ्या गोण्या, वर निळी अक्षरं. गोजराबाईला वाचता येत नव्हतं. सुनेनं, साधनानं, वाचून सांगितलं की ही भारताच्या जनतेची भेट हाय. बाईला लय बरं वाटलं. म्हणली, "जनता म्हंजे आपुनच की."

मग गोदामाचा पत्रा गळाला. चाळीसेक गोण्यांचा तांदूळ भिजला आणि दोन दिवसांत त्याला आंबूस वास सुटला. तिनं मुकादमाला गाठलं. मुकादम म्हणजे चिमाजी, तिचा सख्खा दीर. नवरा गेल्यावर त्यानंच तिला इथं चिकटवलेली.

"भावजी, ह्यो तांदूळ म्हशीफुडं बी टाकायचा नाय."

"वैनी, बोटीला महिना लागतो. वाळंल वाटंतच. उपाशी माणूस वास घेत बसत नसतो." त्यानं आवाज खाली आणला. "मालकानं सांगितलंय, भिजक्या मधी, कोरड्या भवती. तुम्ही शिवा."

तिनं शिवल्या. आणि हाताला सवय, त्या चाळीसांच्या कानालाही लाल चिंधी बांधली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी साधना मोबाईल घेऊन आली. "आत्याबाई, हे बघा, आपल्या गोण्या पोचल्या."

धुळीचं मैदान होतं. फाटके तंबू, भांडी घेतलेल्या बायांची रांग. रांगेच्या कडंला एक बाई खाली बसलेली. तिच्या मांडीवर पांढऱ्या गोणीत काहीतरी गुंडाळलेलं. लहानसंच. निळी अक्षरं पोटावर आलेली. बाई रडत नव्हती, नुसती डोलत होती, आणि बोटांनी गोणीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. कोपऱ्याला लाल चिंधी होती.

"परत लाव," गोजराबाई म्हणली. साधनानं परत लावलं. मग अजून एकदा. साधनाला फक्त रांग दिसली होती.

ते लेकरू गोळ्यानं गेलं, तापानं गेलं का तांदळानं, कोण सांगणार? ती गोणी कोरड्यातली का भिजल्यातली, हे तर गोजराबाईलाही सांगता येईना, कारण खूण सगळ्यांना एकच. तेच तिला खायला लागलं. गोणी मांडीशी ओढली की तांदळाचं वजन लागंना, त्या लेकराचं लागायचं. दाभण खुपसताना हात हळू व्हायचा. घरी नात झोपली आणि तोंडावर चादर आली की बाई आधी चादर खेचायची. सई दचकून उठायची, रडायची. साधना वैतागायची.

फाल्गुनात सरकारनं दुसरी खेप मंजूर केली. गोदामात पावसाळ्यात भिजलेला तळाचा थर तसाच कुजत पडलेला. चिमाजीनं परत तेच सांगितलं, भिजक्या मधी. ह्या वेळी बाईनं नुसतं दाभण उचललं. दिवसभर शिवत राहिली.

"आज लय गप, वैनी. उपास हाय का?"

"हाय असं समजा."

तपासणीला नाशिकहून साहेब आला. हातात पोकळ सळई. बाहेरच्या पाच-सहा गोण्यांत खुपसली, तांदूळ तळहातावर घेतला, दाताखाली धरला. खणखणीत माल. सहीला पेन काढला, आणि तसाच थांबला.

"ह्या चिंध्या ठरावीकच गोण्यांना का? फटीतून आतल्या दिसतायत त्या बघा, त्यांना नाहीत."

चिमाजी हसला. "आमच्या वैनीचं खूळ हाय, साहेब. काठ संपला आसंल लुगड्याचा."

गोजराबाई दाभण हातात घेऊनच उठली. "साहेब, चिंधीचा तांदूळ मी माझ्या नातीला घालीन. बिगर चिंधीचा नाय."

चिमाजी तिच्याजवळ सरकून हळूच म्हणला, "वैनी, दोन्ही घरं ह्याच्यावर चालत्यात."

"ठावं हाय, भावजी."

साहेबानं आतल्या गोण्या काढायला लावल्या. सळई खुपसली, हात नाकाशी नेला आणि लगेच झटकला. पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, "पहिल्या खेपेला कोण आलं होतं तपासायला?"

"तुमच्याच हापिसातलं," चिमाजी म्हणला.

साहेब खाली बघायला लागला. गोजराबाई फुडं झाली. "साहेब, सरकारकडं लिवलेलं आसंल ना, कुठली गोणी कुणाला दिली ते? एक बाई हाय. तिनं आमचा भात शिजवला होता का, आन् पोराला घातला होता का, एवढंच इचारायचंय."

"मावशी, तसं काही कळत नसतं."

"इचारून तर बघा."

तो कागदावर काहीतरी लिहीत राहिला. तिच्याकडं त्यानं बघितलं नाय. ट्रक रिकामाच माघारी गेला. चिमाजीनं तिच्या हातातलं दाभण काढून घेतलं आणि म्हणला, "उद्यापासनं येऊ नका, वैनी." त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला जड गेलं.

घरी आली तर सई दुपारची झोपलेली, चादर डोक्यावरनं. गोजराबाईनं ती खेचली. पोरगी किंचाळून उठली.

"आत्याबाई, झोपू द्या की तिला," साधना म्हणली.

"रडू दे," बाई म्हणली, आणि ते रडणं थांबेस्तोवर ऐकत बसली.