दोघांची सही

ऑडिटरसाहेबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कारभारातल्या चुका काढल्या. त्यामुळे निवृत्त झाले तेव्हा त्यांचा कोणावरच विश्वास उरला नव्हता. आजोबांच्या घरापायी त्यांच्या सख्ख्या काकांनी कोर्टात एकमेकांचे वाभाडे काढले होते. आपल्या मागे तसं व्हायला नको, म्हणून सत्तरी उलटल्यावर राहतं घर, भाड्याने दिलेला गाळा आणि निवृत्तीची सगळी पुंजी त्यांनी कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये घातली. मुलगी आणि मुलगा विश्वस्त. महिन्याच्या घरखर्चापलीकडे काहीही काढायचं तर दोघांची सही हवी.

"साहेब, निदान तिसरे विश्वस्त म्हणून तुम्ही राहा," वकीलबाई म्हणाल्या. "उद्या दोघांचं बिनसलं तर सगळं अडून बसेल."

"अडू दे की. सहीसाठी झक मारत एकत्र बसतील."

बायकोने घरी आल्यावर विषय काढला. "अहो, थोडं माझ्या नावावर राहू द्या ना. उठसूट मागायला नको."

"तुला काय कमी पडलंय? आणि तू भोळी. कोणी गोड बोललं की देऊन मोकळी होशील."

ती आत निघून गेली.

सुरुवातीला बरं चाललं. मग मुलाने छापखान्यात नवं यंत्र घेण्यासाठी ट्रस्टकडून कर्ज मागितलं. मुलीने सही करायला साफ नकार दिला. "आईबाबांच्या म्हातारपणाची सोय आहे ती. तुझ्या धंद्यात बुडवायला नाही."

"ठीक आहे ताई. तुला माझी सही लागेल तेव्हा बघू."

त्यांचं बोलणंच बंद झालं. दोघं आईबाबांना भेटायला यायची, पण वेगवेगळ्या दिवशी.

पुढच्या वर्षी बायकोला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द तोंडातल्या तोंडात अडकायला लागले. दिवसभर सांभाळायला बाई हवी होती. तिचा पगार घरखर्चात बसेना, म्हणजे दोघांची सही आली. मुलीने एक बाई शोधली. मुलगा म्हणाला, "ताईच्या नणंदेच्या ओळखीची? म्हणजे आपलेच पैसे तिच्या सासरी." मग त्याने दुसरी सुचवली, तर मुलगी म्हणाली, "त्याने आणलेली बाई? आईच्या जिवाशी खेळ नको."

ऑडिटरसाहेब वकीलबाईंकडे गेले. "मोडून टाका तो ट्रस्ट."

"मोडता येत नाही. मुलांनी फूस लावली तरी तुम्हाला मोडता येऊ नये, असं कलम तुम्हीच घालायला लावलंत."

"अहो, पण पैसे माझे आहेत!"

"होते," वकीलबाई म्हणाल्या.

मग ते स्वतःच बायकोला उठवायचे, न्हाऊ घालायचे, घास भरवायचे. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे. एका सकाळी न्हाणीघरात तिला उचलताना पाय सटकला आणि दोघंही पडली. ऑडिटरसाहेबांचा खांदा मोडला. ती खाली फरशीवर ओल्या कपड्यांत पडून राहिली. शेजाऱ्यांनी दार फोडलं तोवर दुपार झाली होती.

आठवड्याभराने दोन्ही मुलं एकाच वेळी घरी आली. एका सोफ्यावर बसली. कित्येक महिन्यांत ऑडिटरसाहेबांनी असं पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा, आमचं एकमत झालंय," मुलगी म्हणाली. "हे घर विकायचं. तुम्हा दोघांना वृद्धाश्रमात ठेवायचं. चांगला आहे, डॉक्टर असतात."

"वृद्धाश्रमाचं भरून उरेल त्याचे दोन भाग," मुलगा म्हणाला. "म्हणजे भांडायला काही राहणारच नाही."

"आणि मला विचारायचं?"

मुलगा बहिणीकडे बघून हसला, तीही हसली. लहानपणी एकत्र खोडी केली की हसायची, तशी. "बाबा, तुमची सही लागत नाही," ती हळूच म्हणाली. दोघांनी तिथेच सह्या उरकल्या.

वृद्धाश्रमात बायकांची इमारत वेगळी, पुरुषांची वेगळी. भेटायची वेळ संध्याकाळची. ऑडिटरसाहेब रोज न चुकता जायचे, तिच्या उशाशी बसायचे, पांघरूण सारखं करायचे. नर्सशी ती तुटक तुटक बोलायची, शेजारच्या म्हातारीशी हसायची, मुलांचा फोन आला की कानाला धरून हुंकार द्यायची.

"बरं वाटतंय का गं?" ते विचारायचे.

ती तोंड भिंतीकडे करायची आणि घंटा होईपर्यंत वळायची नाही.