भुवईवरची खूण

मित्रांनो, मी एक जुना, वजनदार फोटो आहे. वजनदार म्हणजे जाड पुठ्ठ्याचा नव्हे हं! मी कॉम्प्युटरमध्ये राहतो आणि माझं वजन मेगाबाइटमध्ये मोजतात. ते चांगलं बारा मेगाबाइट आहे, आणि एके काळी मला त्याचा भारी तोरा होता.

माझा जन्म एका निवाऱ्यात झाला. वाट चुकलेली, घरचा पत्ता विसरलेली माणसं तिथे आणून ठेवतात. त्यातल्याच एका आजींचा मी फोटो. आजींना स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. आजारपणात केस कापावे लागले होते, गाल पार बसले होते. तिथल्या सिस्टरनी त्यांना खिडकीपाशी बसवलं, चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "आजी, इकडे बघा बरं. तुमच्या घरचं कुणीतरी बघणार आहे हे." आजी लगेच ताठ बसल्या. कॅमेरा चांगला, उजेडही चांगला. माझ्यात सगळं उतरलं. मागची भिंत, खिडकीचे गज, आजींच्या विरळ पापण्या आणि डाव्या भुवईत आडवी गेलेली एक बारीक जुनी खूण.

मला निवाऱ्याच्या वेबसाइटवर लावलं. "काय स्पष्ट आलाय हो!" म्हणून सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मी फुशारून गेलो. मला काय ठाऊक, की दूर कुठेतरी आजींची मुलगी शिवणयंत्र बाजूला सारून जुन्या फोनवर तेच पान उघडत होती! रेंज जेमतेम. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. आम्ही सगळे फोटो एवढे जड, की तिच्यापर्यंत पोचतच नव्हतो. वाट बघून बघून ती बिचारी पुन्हा शिवायला बसायची. हे मला फार नंतर कळलं, तिच्याच तोंडून.

पान उघडत नाही अशा तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा निवाऱ्याच्या व्यवस्थापक काकांनी वेबसाइटवाल्या दादाला बोलावलं. दादाने कपाळाला हात लावला. "काका, एवढाली धुडं चढवलीत? उघडेल कसं पान?"

"मग कर ना बारीक. आणि लवकर कर बाबा, लोक वैतागलेत."

दादाने आम्हाला एका नव्या, हलक्या फॉरमॅटमध्ये बदललं. त्यात कॉम्प्युटर बारीकसारीक फरक पुसून टाकतो आणि जागा वाचवतो. किती पुसायचं ते एका पट्टीवर ठरवता येतं. घाईत दादाने पट्टी पार तळाला नेली. माझी इवलीशी प्रत तयार झाली आणि पान भुर्रकन उघडलं. काका खूश! "आता हे जुने उडवून टाकू का?" दादाने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे रे, असू देत." म्हणून मी वाचलो आणि 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

पण खरं वाईट पुढेच होतं. प्रतीमधला चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत झाला होता आणि भुवईवरची खूण पुसली गेली होती. तिकडे मुलीच्या फोनवर पान एकदाचं उघडलं. तिचा अंगठा आजींवर थबकला. आईच वाटतेय, पण एवढी खंगलेली? केस असे? तिने निवाऱ्यात फोन लावला. "त्या आजींच्या डाव्या भुवईत खूण आहे का हो?"

काकांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. "नाही ताई, तसं काही दिसत नाही."

मित्रांनो, आजी तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या!

दुपारी काकांनी सहज हे सांगितलं आणि सिस्टरच्या हातातला पेला तसाच राहिला. "अहो काका, खूण आहे! रोज तोंड पुसते मी त्यांचं!" काकांचा चेहरा पडला. नंबर लिहून घेतला नव्हता, ऑफिसच्या जुन्या फोनवर तो दिसायचाही नाही. आता एकच आशा होती, त्या बाईने पुन्हा एकदा पान उघडावं.

दादा धावत आला. मला अडगळीतून बाहेर काढलं. या वेळी त्याने घाई केली नाही. आधी भिंत कापली, गज कापले, फोनच्या पडद्याला पुरेल एवढाच चेहरा ठेवला. मग पट्टी थोडी खाली, थोडी वर, आणि दर खेपेला भुवई मोठी करून बघायची. सिस्टर मागे उभ्या होत्या. "गेली... गेली... हां, आता दिसतेय!" नवी प्रत आधीच्या गुळगुळीत प्रतीइतकीच हलकी होती. खूण मात्र जागेवर होती.

मग सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की काका धावायचे. फोन आलाच नाही. एका सकाळी, नव्या प्रतीतली खूण पाहून, ती मुलगी स्वतःच आली, पिशवी खांद्यावर, चप्पल धुळीने माखलेली. लहानपणी तिने झोका जोरात ढकलला होता आणि फळी आईच्या भुवईला लागली होती, एवढं कसंबसं तिने सांगितलं. मग ती बाकापाशी गुडघ्यांवर बसली. आजींनी तिला ओळखलं नाही. तिने हळूच त्या खुणेवर बोट ठेवलं. आजी तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही गं बाळा, आता नाही दुखत."

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आता माझा तोरा उतरला आहे. वेबसाइटवर मीच, होतो तसा जड, राहिलो असतो, तर ती लेक अजून त्या चक्राकडे बघत बसली असती. म्हणून मित्रांनो, आम्हाला खुशाल हलकं करा. पण काय पुसलं जातंय ते डोळ्यांनी बघा, आणि आम्हा मूळ फोटोंना कोपऱ्यात थोडी जागा असू द्या. आणि कधी कुणी फोनवर आपल्या माणसाची खूण विचारली, तर पडद्याकडे बघू नका. उठून बाहेर बाकापर्यंत जा.