तपकिरी झालेली काचपट्टी

मी एक काचपट्टी बोलतेय. बोटभर लांब, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. परभणीतल्या एका प्रयोगशाळेत माझ्यावर वैजीनाथच्या हाडातल्या मज्जेचा पापुद्रा चिकटवला गेला, कांद्याच्या सालीहून पातळ.

वैजीनाथ राणीसावरगावचा, ऊसतोडीला जाणारा. महिनाभर ताप उतरेना, हिरड्या सुजून दातांवर आलेल्या. गावात सगळ्यांनी दाताचंच दुखणं धरलं. परभणीत रक्त तपासलं तर त्यात विचित्र पेशी. म्हणून कमरेच्या हाडातून तुकडा काढला.

नेहमीच्या रंगात पाहून प्रयोगशाळेच्या डॉक्टर धम्मशीला मॅडमना त्या पेशी कोणत्या, हे उमगेना. अंगात सूज-जळजळ झाली की काही पांढऱ्या पेशी एक प्रथिन जास्त बनवतात. त्यालाच चिकटणारा द्राव त्यांच्या मदतनीस बालाजीने माझ्यावर थेंबाथेंबाने सोडला. प्रथिन असेल तिथे तपकिरी, बाकी निळं. निरोगी मज्जेत तपकिरी ठिपके तुरळकच असतात, नुसत्या सुजेत थोडे वाढतात.

मी मात्र या काठापासून त्या काठापर्यंत तपकिरी झाले. मला वाटलं, काय सुरेख रंग चढलाय!

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्यांचा हात थांबला. "बालाजी, पुन्हा रंगवलंस का हे?"

"दोनदा केलं, मॅडम. तेच आलंय."

माझा आनंद जागच्या जागी गोठला.

वैजीनाथची बायको दगडाबाई दारात उभी होती. "सूजच हाय ना, म्याडम? परवा टोळी निघायलीय."

"सूज नाही, ताई. रक्ताचा कॅन्सर आहे. पण कोणत्या पेशींचा ते कळलंय, आता नेमका इलाज करता येईल. आजच संभाजीनगरला न्या."

"मला दावा."

तिने वाकून पाहिलं. "हे समदं त्यांच्या हाडात?" मग पदराने तोंड पुसून ती सरळ झाली. "गाडी कुठून मिळंल?"

इलाज सुरू झाल्यावर महिन्याने वैजीनाथच्या मज्जेची दुसरी काचपट्टी आली. निळ्यात तपकिरी ठिपके तुरळक. मॅडमनी तीनदा पाहिलं, तेव्हा कुठे दगडाबाईला फोन लावला.

आता मी पेटीत आहे. दुखणं उलटलं, तर ताडून पाहायला मला बाहेर काढतील. वस्तूंना धूळ खात पडणं आवडत नाही म्हणतात. मला मात्र खुशाल विसरा. माझ्यावर धूळ बसू द्या.