मुक्यानं जेवणाऱ्या बाईचं ताट

मित्रांनो, मी एक जुनं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट आहे. माझी कड एकीकडून चेपलेली आहे. ती कशी चेपली, ते सांगायचं आहे.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानातून गोणीत भरून आम्हां ताटांना शहराबाहेरच्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात आणलं. नवेपणी मी लखलखत असे. बंद वॉर्डातल्या बायका माझ्यात तोंड पाहत आणि हसत. पुढं राखेनं घासून घासून मी मळकट झालं. चकाकी गेली की कौतुकही जातं.

त्या वॉर्डात फुलंब्रीकडची चतुराबाई होती. स्वभावानं गाय. पण आषाढ सरता सरता तिनं हात उचलायला सुरुवात केली, तीही नेमकी जेवताना. सगळ्या बायका एका जागी बसलेल्या सापडत, म्हणून मनकर्णाबाई आया जेवणाच्या पंगतीतच हजेरी घेई.

"चतुराबाई! अगं ए, तोंडात काय गूळ धरलाय? हजर म्हण!"

चतुराबाई मान हलवी, पण बोलत नसे. मनकर्णाबाई चिडून मला तिच्यापुढून ओढी, की चतुराबाई मला हिसकून तिच्याच अंगावर हाणी. मग हात बांधणं आणि कोठडी. सगळे तिला 'मारकी' म्हणू लागले. मारकीला कोण विचारतं, का मारतेस म्हणून?

डॉक्टर म्हणाले होते, "गणपतीला घरी सोडू, पण हात उचलायचा नाही." तिचा भाऊ कडूबा तिला न्यायला आला, त्याच सकाळी तिनं मला पुन्हा फेकलं. मी दगडी उंबऱ्यावर आपटलं आणि चेपलं. वाटेत माझी कड लागून मनकर्णाबाईच्या कपाळाला खोक पडली.

कडूबानं सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "अहो मावशी, चातुर्मासात ती मुक्यानं जेवती. मधी बोललं की उपाशी उठायचं, असा नेम हाय तिचा."

"मग सांगायचं नाय का तिनं?"

"नेम बोलून दाखवला की फळ जातं म्हणती. समदं सुटलं तिचं, घर, लेकरं. एवढंच राह्यलंय."

डॉक्टरांनी मनकर्णाबाईच्या कपाळाची खोक पाहिली. मग म्हणाले, "अजून दोन महिने पाहू." कडूबा एकटाच परत गेला. चतुराबाई गजांना धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं कपाळाला पट्टी बांधूनच आधी हजेरी घेतली, मग वाढलं. त्या दिवशी चतुराबाई पोटभर जेवली. ती आचवून आल्यावर मनकर्णाबाई तिच्याजवळ टेकली. "बाई, लई चुकलं माझं."

"व्हय," चतुराबाई म्हणाली. "माझंबी. दुखतंय का गं?"

मित्रांनो, मी आता थकलं आहे. एवढंच मागणं आहे. कुणी तुमच्यावर ताट फेकलं, तर त्याचे हात बांधण्याआधी, आपण त्याच्यापुढून काय ओढून घेतलं, ते एकदा पाहा.