अस्तरातलं कार्ड

बाबांचा हात नाजूक. दुकान छोटंसं, मोटारसायकलवाल्यांची जाकिटं शिवायचं; पण टाका असा, की भिंग लावूनही सापडू नये. शिकाऊ वयात टाका दिसला की उस्ताद कान पिळायचे. उस्ताद गेले, धाक राहिला.

लेक परदेशी निघाली, मोटारसायकलवर, मैत्रिणीच्या जोडीनं. महिनाभर बापलेकीची तयारी चालली. डोक्याला नवं हेल्मेट, पाठीला ढाल, कोपर-गुडघ्यांना गाद्या, पाठीवर चमकता पट्टा, औषधांची पेटी. उरलं एक कार्ड. एक नेहमीचं इंजेक्शन तिला लहानपणापासून चालत नसे. टोचलं की घसा मिटायचा. इंजेक्शनचं नाव तिकडच्या भाषेत, लाल अक्षरांत छापून आणलं होतं. छातीवर बाहेरून शिवा, ठसठशीत, असं तिनं तीनदा बजावलं. बाबांना पटेना. पोत्यावर चिठ्ठी डकवावी तसं लेकीच्या छातीवर?

निघायच्या सकाळी तिनं जाकीट अंगात घातलं, चाचपून पाहिलं.

"बाबा, कार्ड कुठंय?"

"आहे की. अस्तराच्या आत, काळजाशी."

"पण दिसत नाही ते."

"दिसलं असतं तर मी शिंपी कसला?"

मैत्रीण दाराशी हॉर्न वाजवत होती. आता उसवा म्हणणं लेकीच्या जिवावर आलं. हट्टी म्हातारा, असं पुटपुटत तिनं चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बाबांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

अकराव्या दिवशी घाटात गाडी घसरली. हेल्मेटनं डोकं राखलं, ढालीनं पाठ राखली. मांडी तेवढी फाटली. रक्त गेलं, शुद्ध गेली. दवाखान्यात मैत्रीण खाणाखुणांनी सांगत राहिली, कार्ड आहे, कार्ड आहे. इंजेक्शनचं नाव तिला ठाऊक नव्हतं. त्यांनी खिसे उलटे केले, कॉलर पाहिली, जाकीट कापून काढलं. काही सापडलं नाही. जखम चिघळू नये म्हणून मग नेहमीचं इंजेक्शन दिलं.

लेकीच्या शवपेटीमागोमाग जाकीट आलं, कागदात बांधून. बाह्या कापलेल्या, चमकता पट्टा रक्तानं काळा. छातीकडचं कापड मात्र शाबूत.

बाबा खिडकीशी बसले. चष्मा पुसला, पातं घेतलं. जागा ठाऊक होती, ऊन चांगलं होतं, शिवण स्वतःच्या हातची होती. तरी कार्ड बाहेर यायला पाऊण तास लागला.