घरी करते

तिसऱ्यांदा मी ठोकळ्यावर ठोकळा ठेवून दाखवला. लुसुंगुने बघितलंही नाही. चार वर्षांची पोर आईच्या मांडीवर मान टाकून पडली होती. दोन वर्षांपूर्वी मलेरिया मेंदूत गेला, तेव्हापासून ही अशी.

मुलांची वाढ तपासायच्या आमच्या चाचणीचा एक नियम आहे. तीनदा दाखवूनही मुलाने केलं नाही, तर आईला विचारायचं. ती ‘घरी करते’ म्हणाली की ‘हो’ची खूण. मुलं परक्यापुढे बुजतात, म्हणून कुणा शहाण्याने हा नियम केला. त्या शहाण्याला सासू नसावी.

“घरी करते,” पोरीची आई, न्याझगांबो, म्हणाली. तिची सासू शेजारीच चटईवर पाय पसरून बसली होती. सून रीतीप्रमाणे गुडघे टेकून, नजर जमिनीत.

चमच्याने खाते? खाते. एकटी बसते? बसते. आईला हाक मारते? मारते. मी आपली ‘हो’ लिहीत होते. गुण कमी आले तर पोरीला दुपारच्या गाडीने मझुझु शहरातल्या केंद्रात पाठवता येणार होतं. चार महिने उपचार, आणि एकच जागा उरलेली. एवढ्या ‘हो’वर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

वजन करायच्या निमित्ताने मी मायलेकींना आत नेलं.

“खरं सांग की गं. मला दिसतंय सगळं.”

“दिसतंय तर विचारता कशाला, ताई?” तिचा आवाज अगदी खाली होता. “लग्नात माझ्या बापाने यांच्या गाई घेतल्यात, म्हणजे पोर त्यांची. ती बिघडलीय असं मीच कबूल केलं, तर मला माहेरी धाडतील आणि हिला ठेवून घेतील. मग हिला भरवणार कोण?”

बाहेर येऊन मी सगळ्या ‘हो’च्या खुणा खोडल्या. आईचा शब्द खोडायचा नाही, हा नियम नोकरीच्या बावीस वर्षांत पहिल्यांदा मोडला. सासूला सांगितलं, पोरीला आज जायला हवं, सोबत एक बाई लागेल.

ती भडकेल असं वाटलं होतं. तिने पसरलेले पाय आवरून घेतले.

“मला काय आंधळी समजलात?” ती म्हणाली. “नात आहे माझी. मी जाते हिच्याबरोबर. सून जाईल तिच्या बापाकडे.”

मुलीला आईच लागेल, असं मी दोनदा म्हणून बघितलं. आमच्या घरचं आम्ही बघू, म्हणाली. न्याझगांबोने मला विश्वासाने सांगितलं होतं आणि मी तिचं घर मोडून ठेवलं. पोरीचं भलं झालं, असं मी मनाला कितीही सांगितलं तरी ते पटत नव्हतं.

गाडी आली. न्याझगांबोने लुसुंगुला सासूच्या पाठीवर ठेवलं आणि कापडाने बांधायला घेतलं.

“मान डावीकडे पडते, आई, हात लावत जा. चमचा नका देऊ, दातात धरून ठेवते. बोटाने भरवा. बसवलं तर पाठीला टेकू द्या. हाक नाही मारत ती. ओली झाली तरी रडत नाही. आपणच हात घालून बघायचं.”

सासू एकेका वाक्याला मान हलवत होती. गाठ मारून झाली, तशी न्याझगांबोने ती सोडली आणि पुन्हा, सावकाश, मारायला घेतली.