एक तरी जुनी

ओडेसाने ट्रे डाव्या तळव्यावर घेतला, बोटं पसरून वजन मनगटाकडे सरकवलं आणि चालायला लागली. ग्लासांत दारूऐवजी रंगवलेलं पाणी होतं. समोर लांब मेजामागे तिघं बसली होती: लॉस एंजेलिसहून आलेला केलर नावाचा गृहस्थ, कॅमेरा घेतलेली त्याची मदतनीस, आणि हॉटेलच्या कचेरीतली रेनिटा. रेनिटा मान खाली घालून पेनाचं टोपण काढत होती आणि लावत होती.

"भिंतीपर्यंत जाऊन परत या," केलर म्हणाला. "घाई नाही. फक्त जरा हसून."

ओडेसा भिंतीपर्यंत गेली, वळली, हसली. याच दालनात तिने कितीतरी लग्नांत शॅम्पेन वाटली होती. तेव्हा इथे पाऊल ठेवायला जागा नसायची, लोकांच्या कोपरांमधून ट्रे वर धरून वाट काढावी लागायची. ते तिला जमायचं. रिकाम्या दालनातून चालणं मात्र अवघड गेलं.

"छान," केलर म्हणाला. मग त्याने अगदी अदबीने विचारलं, "इथे काम करावंसं का वाटतं तुम्हाला?"

"मी इथेच काम करते," ओडेसा म्हणाली. "आज दुपारची पाळी माझी आहे."

केलर मनापासून हसला. मदतनीस मुलीने समोरून एक आणि बाजूने एक असे फोटो काढले. बाजूचा फोटो काढताना ओडेसाने पोट आत ओढलं, आणि आपण ते ओढलं याचा तिला राग आला. रेनिटाने शेवटपर्यंत वर पाहिलं नाही.

'बार्बरी' ही जुगारघराची इमारत विकली गेली होती. नव्या मालकांनी पहिल्याच सभेत सांगितलं की कोणालाही काढणार नाही. मात्र ज्याने त्याने आपापल्या जागेसाठी नव्याने अर्ज करायचा. जुगार खेळणाऱ्यांना पेयं देणाऱ्या बायकांनी तर चालून दाखवायचं, कारण त्या आता वेट्रेस राहिलेल्या नव्हत्या. नव्या नियमांत त्या मॉडेल होत्या, फक्त हातात ट्रे असलेल्या. कामाचं नाव बदललं की जुनी ज्येष्ठता उपयोगी पडत नाही, असं युनियनचा माणूस म्हणाला आणि त्याने खांदे उडवले.

इमारतीने कात टाकण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. ओडेसा आली तेव्हा इमारतीचं नाव 'सिल्व्हर स्पर' होतं, दारावर गाड्याची चाकं टांगलेली होती आणि वेट्रेस झालर लावलेले चामड्याचे स्कर्ट घालत. मग बुलेवार्डवर, जुगारघरांच्या त्या हमरस्त्यावर, पोराबाळांना घेऊन येणाऱ्यांचे दिवस आले आणि दारात चाच्यांचं लाकडी जहाज उभं राहिलं. 'बार्बरी' झाल्यावर बायकांना डोक्याला रुमाल बांधावे लागले. आता जहाज निघणार होतं, काच लागणार होती, आणि नाव ठरलं होतं 'लूमा'. त्याचा अर्थ कुणालाच सांगता आला नाही.

बाहेरच्या बोळात ग्लेंडा बूट काढून, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसली होती. तिचं चालून झालं होतं.

"मला म्हणाले, तुमच्या स्वभावाचं एका शब्दात वर्णन करा," ती म्हणाली.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, सुजलेला."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोघीतिघी हसल्या. ओडेसाही हसली. ग्लेंडाच्या तोंडाला आधीपासूनच धार होती. ती यूटाहच्या एका खेड्यातून आलेली, गोरी, उंच, एकेकाळी साऱ्या बुलेवार्डवर देखणी म्हणून नावाजलेली. कोर्टाने हॉटेलवाल्यांना काळ्या लोकांना पुढच्या दाराची, पाहुण्यांसमोरची कामंही द्यायला लावली, त्या वर्षी ओडेसा तळघरातल्या कापडखोलीतून वर आली. कपडे बदलायच्या खोलीत तिला ग्लेंडाच्या शेजारचं कपाट मिळालं. दुसऱ्या दिवशी ग्लेंडाने आपलं सामान खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. त्यावर पुढे दोघी कधी बोलल्या नाहीत. वर्षं गेली, ग्लेंडाचे दोन संसार मोडले, ओडेसाचा मुलगा सैन्यात गेला आणि परत आला. शेजारशेजारच्या टेबलांवर काम करता करता दोघींमध्ये काहीतरी तयार झालं होतं, ज्याला मैत्री म्हणायचं धाडस दोघींनीही केलं नव्हतं.

"हे बघ," ग्लेंडा आता हळू आवाजात म्हणाली. "मी एका वकिलाला भेटून आलेय. तो म्हणतो, आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढची एकही जर त्यांनी ठेवली नाही, तर कोर्टात वेगळं काही सिद्ध करायला नको. वय बघून काढलं हे उघडच आहे. फक्त आपण सगळ्यांनी एकत्र राहायचं. तळघरातली कामं देतील, कापडखोली, भांडी, ती घ्यायची नाहीत. घेतली की संपलं."

"आणि एखादीला ठेवलं तर?"

"कुणाला ठेवतील? मला?" तिने पाय हलवून दाखवला. "तू आहेस ना आमच्याबरोबर?"

"आहे," ओडेसा म्हणाली.

रविवारी चर्चनंतर रेनिटा घरी आली. येताना रताळ्याचं सारण भरलेला 'पाय' भाजून घेऊन आली होती, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं. रेनिटाच्या आईची आणि ओडेसाची मैत्री लुईझियानातल्या टॅलुलापासूनची. दोघी एकाच बसने या वाळवंटात उतरल्या होत्या. आई गेली तेव्हा रेनिटा कॉलेजात होती. हॉटेलच्या कचेरीतली तिची पहिली नोकरी ओडेसानेच कुणाकुणाला सांगून मिळवून दिली होती. आता तीच पोर नव्या मालकांकडे नोकरभरती बघत होती.

ओडेसाचा नवरा क्लीव्हलँड मेजाशी बसला होता. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा त्याला यंत्राला जोडून घ्यावं लागे, आणि तो सारा खर्च ओडेसाच्या नोकरीच्या विम्यातून होत असे. पथ्यामुळे रताळ्याचा तुकडा त्याला चालत नव्हता. त्याने तो नुसता हुंगला.

"मावशी, तुझं काम झालं," रेनिटा म्हणाली. "तुला वरच ठेवलंय. खेळाच्या दालनात."

क्लीव्हलँडने मेजावर थाप मारली. "मी सांगत नव्हतो?"

ओडेसाने सुरी बशीत ठेवली. "आणखी कोण?"

"जुन्यांपैकी तूच."

"ग्लेंडा?"

रेनिटाने नकारार्थी मान हलवली. "त्या सगळ्यांना खालची कामं देऊ करतोय. पगार थोडा कमी, पण विमा तोच."

"मी का?"

"तू चांगली आहेस म्हणून. त्या दिवशी किती डौलात चाललीस."

"तू बघितलंस कुठे? रेनिटा, तुझे लंगोट बदललेत मी. नीट सांग."

रेनिटाने खिडकीबाहेर पाहिलं. शेजाऱ्याच्या अंगणात कुणीतरी गाडी धूत होतं.

"कंपनीच्या वकिलांनी सांगितलं, एक तरी जुनी ठेवा," ती म्हणाली. "मग कुणाला म्हणता येणार नाही की वय बघून काढलं. आणि ती तू असलीस, तर रंगावरूनही काही म्हणता येणार नाही. एकात दोन्ही कामं होतात. हे त्यांचे शब्द आहेत, मावशी, माझे नाहीत. पण नाव मी सुचवलं. मला वाटलं, कुणाला तरी ठेवणारच आहेत, तर आपलं माणूस का नको?"

ओडेसाने क्लीव्हलँडची बशी उचलून बाजूला ठेवली.

"आणि नको म्हटलं तर?" ओडेसाने विचारलं.

"तर कापडखोली. विम्याला धक्का नाही."

म्हणजे विम्याची सबब उरली नाही. रेनिटा गेल्यावर ओडेसाने बशा धुतल्या, पुसल्या, आणि पुसलेल्या बशा पुन्हा धुतल्या. कापडखोली तिला माहीत होती. एकोणीस वर्षांची असताना ती मागच्या फाटकाने तिथे उतरायची. वाफ, ओल्या चादरींचा वास, छताला लागून जाणारे नळ. त्या नळांच्या वर खेळाचं दालन होतं. नाण्यांचा खळखळाट ऐकू यायचा, बँड ऐकू यायचा, पण दिसत काही नव्हतं. एकदा ती चुकून वरच्या दारापर्यंत गेली, तेव्हा पहारेकऱ्याने तिच्या दंडाला धरून तिला जिना दाखवला. ओरडला नाही, काही नाही. घरात शिरलेलं कुत्रं बाहेर काढावं तसं, सहज.

"ग्लेंडाचा विचार करतेयस," क्लीव्हलँड मागून म्हणाला.

"नाही."

"तिने कधी केला होता तुझा? सामान उचलून नेलं होतं तिने."

"त्याला किती वर्षं झाली."

"झाली ना. मग कोर्टात जायचं तर तिला काळी बाई बरोबर हवी झाली."

ओडेसाने नळ बंद केला. नवरा आपल्या बाजूने बोलतोय हे तिला कळत होतं. तो म्हणतोय त्यात थोडंफार खरं आहे हेही कळत होतं. आणि आपण जे करणार आहोत त्याचं खरं कारण यातलं काहीच नाही, हेही.

सकाळी तिने रेनिटाला फोन करून हो म्हटलं. ग्लेंडाला फोन करायचा म्हणून रिसीव्हर हातात तसाच धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने तो ठेवून दिला.

ग्लेंडाला ते दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. तिने फोन केला नाही, निरोप पाठवला नाही. तिच्या वकिलाने मात्र प्रकरण सोडलं. कंपनीच्या माणसाने त्याला एवढंच विचारलं होतं, "वयावरून काढलं म्हणता, मग ओडेसा टिलरी कोण?"

जहाज क्रेनने उचलून नेलं. पुढचे काही महिने इमारत ताडपत्रीत गुंडाळलेली राहिली आणि येणारेजाणारे पलीकडच्या पदपथाने गेले. उघडली तेव्हा ती काळ्या काचेची होती. आत छत उंच झालं होतं, नाणी गेली होती. यंत्रांतून आता कागदाची चिठ्ठी बाहेर यायची आणि खळखळाट ध्वनिमुद्रित होता. उद्घाटनाच्या दिवशी ओडेसाला मधोमध उभं करून फोटो काढले. दोन्ही बाजूंना वीस-बावीस वर्षांच्या पोरी. वर्तमानपत्राने खाली लिहिलं की नव्या 'लूमा'ने जुन्या माणसांचा मान राखला.

दुसऱ्या आठवड्यात तिला काम करायचा कोपरा ठरवून मिळाला. तो अगदी मागे होता, स्वच्छतागृहांच्या बोळाजवळ, जिथे सगळ्यात स्वस्त यंत्रं होती. प्राणवायूची नळकांडी चाकांवर ओढत येणाऱ्या म्हाताऱ्या तिथे बसत आणि कॉफी मागत. केलर एकदा रेनिटाला घेऊन तिकडून गेला, ओळखीचं हसला आणि तिला म्हणाला, "बघ, इथे किती शोभतात त्या." रेनिटाने ओडेसाकडे पाहिलं. या वेळी ओडेसानेच मान खाली घातली.

पोरी तिला ममा म्हणत. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पाय दुखले की तिच्याकडे यायच्या, बुटात काय घालायचं विचारायच्या. त्यांना वाटे, ममा पहिल्यापासून इथेच आहे, खांबांसारखी.

उन्हाळा संपता संपता कपड्यांचा नियम बदलला. काळा पोशाख आता घरी न्यायचा नाही, पाळीच्या आधी तळघरातल्या खिडकीवरून घ्यायचा आणि पाळी संपली की तिथेच द्यायचा. ओडेसा कितीतरी वर्षांनी तो जिना उतरली. वाफ तीच होती. नळांना नवा रंग दिला होता. खिडकीसमोर पोरींची रांग होती, तिच्यात ती उभी राहिली.

आपला नंबर आल्यावर तिने वर पाहिलं, तर खिडकीत ग्लेंडा होती.

केस तिने रंगवायचे सोडले होते. चष्मा दोरीने गळ्यात टांगला होता. मागे एल साल्वाडोरच्या दोन बायका चादरींच्या घड्या घालत होत्या आणि आपसात स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलून हसत होत्या.

"नाव?" ग्लेंडाने विचारलं. सगळ्यांना विचारायची तसं.

"ग्लेंडा."

"ते माझं झालं."

मागच्या पोरी हसल्या. ग्लेंडा आत गेली, दांडीवरून पोशाख काढून आणला आणि फळीवर ठेवला.

"कधीपासून?" ओडेसाने विचारलं.

"महिना झाला. घराचे हप्ते काही वकील भरत नव्हता."

"मी तुला फोन करणार होते."

"हं."

ओडेसाने पोशाख उचलला नाही. "काय बोलायचं ते बोल ना एकदा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी ऐकून घेईन."

ग्लेंडाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"तू वर आलीस ना, त्या वर्षी मी सगळ्यांना सांगत फिरले होते," ती म्हणाली. "हिच्यात काही नाही, कोर्टाने घ्यायला लावली म्हणून घेतली. वर्षभर मी तू चुकायची वाट बघत होते. तू चुकली नाहीस. मग एक दिवस मी गप्प बसले. माझं खोटं होतं, मला कळलं होतं."

यंत्रांची घरघर चालू होती. ओडेसाने फळीची कड धरली.

"आणि आताही ते खोटंच आहे?" तिने विचारलं.

ग्लेंडाने पोशाख तिच्याकडे सरकवला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"जरा बाजूला हो, ओडेसा," ती म्हणाली. "पोरींना उशीर होतोय."